सुईआधीचा चहा

३ नोव्हेंबर

झाला एकदाचा सुरू. समोरच्या खोलीत दोन खाटा, मधे पडदा, भिंतीवर ॲक्युपंक्चरच्या बिंदूंचा नकाशा, दारावर पाटी. हिंगणघाटला दुसऱ्याच्या दवाखान्यात इतकी वर्षं सुया लावल्या, आता स्वतःच्या घरात, स्वतःच्या हिमतीवर. नागसेन म्हणाला, होळीपर्यंत पाहू. तो सावंगीच्या दवाखान्यात लॅबमध्ये आहे, खोली करून राहतो आणि रविवारी घरी येतो. होळीपर्यंत माझं बस्तान बसलं नाही, तर वडनेरचं घर बंद करायचं आणि आम्ही सासू-सुनेनेही तिकडेच जायचं, असं ठरलं आहे. ठरलं म्हणजे त्याने ठरवलं, मी मान हलवली.

पहिल्या दिवशी चार जण आले, त्यातले दोघं पाटी वाचायला. सासूबाईंनी, आईंनी, चौघांनाही चहा पाजला. बाबा होते तेव्हा वडनेरच्या स्टॉपवर या दोघांची चहाची टपरी होती. नागपूरहून खाली जाणारे ट्रकवाले जिजाबाईचा चहा म्हणून मुद्दाम थांबायचे. रस्ता रुंद झाला आणि टपरी गेली, गेल्या पावसाळ्यात बाबाही गेले. तेव्हापासून आई मागच्या ओसरीत भिंतीकडे तोंड करून बसायच्या. आज त्यांनी मला टपरीचा मोठा जर्मनचा गंज, चहाचं पातेलं, वरच्या फळीवरून काढायला लावला, घासला आणि चुलीवर चढवला. मूठभर पत्ती, ठेचलेलं आलं आणि काळाभोर होईपर्यंत उकळणं. दूध मागून. मला तर तो चहा घेतला की कान गरम होतात.

७ नोव्हेंबर

पंचफुलाबाई आल्या. कापूस वेचून वेचून उजवा खांदा धरला आहे, केस बांधायला हात वर जात नाही. हाताला, खांद्याला मिळून सुया लावल्या. सुई बरोबर जागी बसली की आतून मांस तिला धरून ठेवतं, मासा गळाला लागल्यासारखं बोटांना कळतं. आज तसं छान कळलं. तरी उठल्यावर बाई म्हणतात कशा, "बरं वाट्टे, पण जसं पायजे तसं नाई." बरं वाटतं ते आईंच्या चहाने, हे मला न सांगता कळलं.

१२ नोव्हेंबर

आज आईंशी वाजलं. साखर, पत्ती, पोह्यांचे डबे सगळे फळीवरून काढून जमिनीवर मांडून ठेवलेत. येता-जाता माझा पाय लागतो. एवढंच नाही, धुतलेले कपडे दोरीवर न टाकता खाटेवर पसरतात, ते संध्याकाळपर्यंत ओलेच. मी म्हटलं, आई, दोरी काय शोभेला बांधली आहे का. त्या म्हणाल्या, "वाळतेत नं माय." विषय संपला. परवापासून केसांचा अंबाडाही घालत नाहीत, नुसती गाठ मारून सोडून देतात. वय झालं की माणूस असं ढिलं पडतं बहुतेक.

१८ नोव्हेंबर

वासुदेवराव तिसऱ्यांदा आले. गावातलं जुनं, मोठ्या शेतीचं घर, एके काळचे सरपंच. कंबर अशी धरली आहे की खुर्चीवरून उठताना दोन हात टेकावे लागतात. अशा माणसाला गुण आला की गाव आपोआप मागे येतं, म्हणून मी जीव तोडून करते आहे. पण छे. आईंच्या हातचे दोन कप चहा घेतात, वर म्हणतात, "जागृती, तुह्या सुयापेक्षा जिजाबाईच्या चहानं जास्त बरं वाट्टे." सगळे हसले, आईही हसल्या. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा हसल्या असतील. मला मात्र ते लागलं. कौतुकाचं एक वाक्य, तेही चहाला.

२२ नोव्हेंबर

आई हिंगणीला गेल्या. नणंदबाईंना, छायाताईंना, मुलगी झाली. दहा-बारा दिवस तरी येत नाहीत. लिहायला लाज वाटते, पण घर कसं मोकळं वाटतं आहे. डबे वर लावले, कपडे दोरीवर टाकले. चहा मी काही कोणाला करत बसले नाही, सुया लावू की गंज घासू. एक-दोघांनी इकडे-तिकडे पाहिलं.

२८ नोव्हेंबर

आज मी नाचायचीच बाकी आहे. पंचफुलाबाईंनी माझ्यासमोर दोन्ही हात मागे नेले, केस गोळा केले आणि अंबाडा बांधून दाखवला. डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, रात्री दुखऱ्या कुशीवर निजल्या आणि सकाळीच जाग आली. वासुदेवराव खुर्चीतून एका हातावर उठले. हे सगळं याच आठवड्यात. सुया त्याच, बिंदू तेच.

मग काय बदललं? विचार करून करून एकच उत्तर येतं, माझा हात बसला. आणि तो का बसला, तेही मला कळतं. आई दारात उभ्या राहून पाहत नाहीत. त्या असल्या की मला परीक्षेला बसल्यासारखं होतं, हात बिथरतो. त्यांचा दोष नाही, पण खरं ते खरं.

४ डिसेंबर

आई आल्या. छायाताईंच्या अंगणातून गवती चहाचे ठोंब फडक्यात बांधून आणले आणि हात-पाय धुण्याआधी धुण्याच्या दगडापाशी लावले. मग गंज चढला. वासुदेवराव आज नेमके आले होते, म्हणाले, आता दवाखाना भरल्यासारखा वाटते. डबे पुन्हा खाली.

१० डिसेंबर

गेलं सगळं पाण्यात. पंचफुलाबाईंचा हात पुन्हा केसांपर्यंत जाईना, वासुदेवराव पुन्हा दोन हात टेकून उठतात. नवीन आलेल्या दोघींना तर काहीच नाही. सुयांची पेटी बदलून पाहिली, बिंदू बदलून पाहिले. आई दारात यायच्या आत पडदा ओढून घेतला, तरी तेच.

आज मनात आलं, आईंना महिनाभर नागसेनकडे पाठवावं. त्याच्या जेवणाचीही सोय होईल, असं सांगता येईल. होळी काही लांब नाही. हे लिहिलं आणि वाचून पाहिलं. बाबा गेल्यावर आता कुठे माणूस ओसरीतून पुढच्या खोलीत आलं आहे, आणि मी त्यांना सावंगीच्या एका खोलीत नेऊन बसवायला निघाले. पण मग मी काय करू?

१४ डिसेंबर

मोहिनीला फोन केला. बी.एस्सी.ला आम्ही एका बाकावर होतो, ती पुढे शिकत गेली आणि आता एका मेडिकल कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. माझ्या सुयांना ती पूर्वीपासून हसते, म्हणून मी सहसा विचारत नाही. आज गरज होती. हिंगणघाटच्या एका शाळेने मुलांपुढे बोलायला बोलावलं आहे, तिथे सुईने दुखणं कमी का होतं ते काय सांगू, असं विचारलं. एन्डॉर्फिन मला माहीत होतं, मेंदू स्वतःच बनवतो ते दुखणं मारणारं द्रव्य. ती म्हणाली, ते आहेच, पण आधी सुईच्या टोकापाशी काय होतं ते बघ.

सुई फिरवली की स्नायूवरचं जाळीसारखं पातळ आवरण तिच्याभोवती गुंडाळतं. टकळीवर सूत चढतं तसं. मांस सुईला धरतं असं मी म्हणते, ते हेच. त्या ओढीने आजूबाजूच्या पेशी ताणल्या जातात, त्यांच्यातलं शक्तीचं द्रव्य बाहेर पडतं आणि तुटून त्याचं ॲडेनोसिन होतं. हे ॲडेनोसिन दुखण्याची खबर नेणाऱ्या नसेवर एक दार असतं तिथे जाऊन बसतं, आणि नस गप्प होते. मला फार आवडलं हे. इतकी वर्षं बोटांना जे कळत होतं त्याला कोणी तरी नाव दिलं.

मग ती सहज म्हणाली, गंमत अशी की त्याच दारात चहा-कॉफीतलं कॅफीनही जाऊन बसतं. ते आधी येऊन बसलं तर ॲडेनोसिन बाहेर ताटकळत राहतं. उंदरांवर करून पाहिलंय, कॅफीन पाजलेल्या उंदरांना सुईचा गुण येईना.

माझ्या हातात आईंनी दिलेला कप होता.

मोहिनीने नंतर पुष्कळ सावध केलं. उंदराचं माणसाला लागू होईलच असं नाही, माणसांवर अजून नीट सिद्ध झालेलं नाही. नुसत्या बोथट सुया टेकवल्या तरी पुष्कळांना बरं वाटतं, हेही लक्षात ठेव म्हणाली. तुझ्या हाताखालची चार माणसं म्हणजे संशोधन नव्हे. सगळं मान्य. पण आई हिंगणीला होत्या तेव्हा इथे चहा नव्हता, आणि मी खापर कोणाच्या डोक्यावर फोडलं? नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ते मलाच.

१५ डिसेंबर

आईंना कसं सांगावं ते सुचेना. तुमच्या चहाने लोकांचं दुखणं जात नाही, हे त्या बाईला सांगायचं जिने आयुष्यभर चहाच केला? म्हणून मी सोपी वाट काढली. वासुदेवराव येताना दिसले तशी फाटकापर्यंत गेले आणि हळूच सांगितलं, काका, सुईआधी चहा नको, काही दिवस पाहू, आणि आईंना मात्र काही बोलू नका, त्यांना वाईट वाटेल. ते हो म्हणाले. शब्दाचे पक्के आहेत.

आईंनी कप पुढे केला. वासुदेवरावांनी हात आडवा केला आणि म्हणाले, "नको." बस, तेवढंच. कारण सांगू नका म्हणून मीच सांगितलं होतं.

आई कप धरून तशाच उभ्या राहिल्या. मग आत गेल्या, चहा मोरीत ओतला, कप घासला आणि बाकीच्या कपांपासून वेगळा ठेवला. नंतर पुढच्या खोलीत आल्याच नाहीत. दुपारी जेवल्या नाहीत, पोट जड आहे म्हणाल्या. एका कपाने इतकं रुसायचं काय, मला कळेना. संध्याकाळी पाहिलं तर गंज पालथा घातलेला.

१६ डिसेंबर

गंज आजही पालथा. आई ओसरीत, भिंतीकडे तोंड करून.

नागसेनला फोन केला, तक्रार करायलाच. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "जागृती, आईच्या लहानपणी आपल्या लोकायचा कप हॉटेलच्या बाहेर, खुंटीले राहे. आपलाच आपण धुवायचा. त्याच आईनं स्टॉपवर टपरी टाकली नं, तं पयले दोन वर्षं गावातलं कोणी चहा घेतला नाई. ट्रकवाले घेत. गावातून पयला कप घेतला थो वासुदेवकाकानं."

मी वर्ध्यात वाढले, शाळामास्तरांच्या घरात. असं काही ऐकून माहीत होतं, पाहून नाही. त्या आडव्या हाताचा आईंनी काय अर्थ लावला असेल, ते आता कळतं आहे. काल त्यांनी तो कप वेगळा का ठेवला, तेही. आणि हे घडवलं मी, वाईट वाटू नये म्हणून.

१७ डिसेंबर

सकाळीच ओसरीत जाऊन आईंसमोर खाली बसले आणि सगळं सांगून टाकलं. वासुदेवकाकांना मीच नको म्हणायला लावलं. मग सुई, टकळी, नसेवरचं दार, दारात बसलेलं कॅफीन, आणि उंदीर. त्या ऐकत होत्या. पहिलं विचारलं ते, "म्हंजे वासुदेवभाऊले तू सांगतलं होतं?"

हो म्हटलं. त्यांनी डोळे मिटले आणि एक मोठा श्वास सोडला. मला वाटलं रागावतील. थोड्या वेळाने म्हणाल्या, "उंदरायले चहा कोण पाजला व?" मला हसू आवरेना, मग त्याही हसल्या.

पण हसून झाल्यावर चेहरा उतरला. पंचफुलाला आपणच आग्रह करकरून पाजत होतो, ती दुखण्याने रडत होती आणि आपण अजून अर्धा कप घे म्हणत होतो, असं काहीसं बोलल्या. मी पुन्हा पुन्हा सांगितलं की पक्कं नाही, मलाच पक्कं माहीत नाही. ते त्यांच्या कानापर्यंत गेलं नाही.

संध्याकाळी भाकरी थापताना एकदम विचारलं, "पत्ती नसली तं चालते का?" म्हटलं, पत्ती नसली तर काहीच हरकत नाही. त्या उठल्या आणि अंधारात धुण्याच्या दगडापाशी जाऊन गवती चहाची पाती चाचपून आल्या. अजून ठोंब लहान आहेत म्हणाल्या, छायाकडून मागवते.

२० डिसेंबर

हिंगणीहून जावईबापूंनी गवती चहाचा भारा पाठवला. आईंनी आज पात्या, आलं आणि गूळ घालून गंजभर उकळलं, मागून दूध. वास सगळ्या गल्लीत. खोलीतल्या सगळ्यांना मी मोठ्याने सांगितलं की सुई लावायची त्या दिवशी सकाळपासून पत्तीचा चहा बंद, का ते असं असं. जरा आवाज झाला. सकाळचा चहा सोडा म्हणजे आंघोळ सोडा म्हटल्यासारखं आहे इथे. एक गृहस्थ उठून गेले.

वासुदेवराव बसून होते. त्या दिवशीच्या आडव्या हाताचं काय झालं ते त्यांना मी फाटकातच सांगितलं होतं. ऐकून नुसते "अरे बाप्पा" म्हणाले आणि कितीतरी वेळ पाटीकडे पाहत राहिले. आई कपांची ताटली घेऊन आल्या. डाव्या हाताने धरली होती, वाकडी, सांडते की काय असं वाटलं. त्या त्यांच्यापुढे येऊन थांबल्या, कप पुढे केला नाही. वासुदेवराव दोन्ही हात टेकून उठून उभे राहिले, स्वतःच ताटलीतला कप उचलला आणि उभ्यानेच प्यायले. मग म्हणाले, "जिजाबाई, पत्ती नसूनबी चहा तुहाच वाट्टे. अजून हाये?"

दुसराही घेतला.

३० डिसेंबर

पंचफुलाबाईंचा अंबाडा पुन्हा बांधला जातो. वासुदेवरावांना उतार आहे, पण कमी, आणि थंडी पडली की पुन्हा धरते. एकीला काहीच फरक नाही आणि एकजण चोरून चहा घेऊन येतो, तरी त्याला बरं आहे. मोहिनीला सांगितलं तर ती हसली, म्हणाली, यालाच आम्ही पुरावा नसणं म्हणतो. म्हणू दे. माणसं येताहेत. नागसेनने होळीचं नाव काढलं, मी विषय बदलला.

६ जानेवारी

आज रविवार नाही, सण नाही, कसलाच खास दिवस नाही. दुपारी शेवटचा पेशंट गेला, मी सुया आवरत होते. आई पडद्याच्या आत आल्या आणि खाटेच्या काठावर बसल्या. सुयांना त्या घाबरतात, दारातून पाहतात तेवढंच. मला वाटलं, पाय दुखला म्हणून टेकल्या.

"आज सकायपासून चहा नाई घेतला," त्या म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही. आई पहाटे उठून पहिला कप घेतात, मग तोंडातून शब्द निघतो. बाबा गेले त्या दिवशीसुद्धा, आलेल्या माणसांसाठी त्यांनीच चहा ठेवला होता आणि एक घोट घेऊनच बाहेर येऊन बसल्या होत्या. मी विचारलं, का हो आई, बरं नाही का? त्यांनी उजवा हात उचलून दाखवला. तो छातीपर्यंत आला आणि थांबला, ओठ आवळले गेले. मी हळूच धरून वर न्यायचा प्रयत्न केला, तो जाईना. खांदा पार आखडलेला.

म्हणजे डबे खाली ते यासाठी. कपडे खाटेवर, केसांची गाठ, गंज मी काढायचा, ताटली डाव्या हातात. गावभरचे खांदे तपासत बसले मी, काखेत कळसा आणि गावाला वळसा. मला इतका राग आला, कोणाचा ते कळेना. जरा जोरातच विचारलं, काऊन नाही सांगितलं?

"तू दुसऱ्यायचे खांदे पाहून राह्यलती," त्या म्हणाल्या. "आन पयले माहा भरोसा नोयता. आता हाये."

आडवं केलं. पहिली सुई लावताना त्यांनी माझा पदर मुठीत धरला होता. सुई फिरवली, बोटांना ओढ कळली. आईंनाही कळली असावी, कारण डोळे न उघडता म्हणाल्या, "चढून राह्यलं सूत." मग त्यांना झोप लागली. मी तिथेच स्टूलवर बसून राहिले आणि रडून घेतलं. आज हे काम करते याचा आनंद झाला, साधा, पोट भरल्यासारखा.

उठल्यावर हात वर गेला नाही. इतक्यात जाणारही नाही, असा खांदा महिनोन्महिने घेतो, तसं सांगितलं. केस मी विंचरून दिले, अंबाडा घालून दिला. संध्याकाळी स्टूल घेऊन अंगणात गेले आणि कपड्यांची दोरी सोडून खाली बांधली, त्यांच्या छातीइतकी.

आई गवती चहाला पाणी घालत होत्या. तांब्या ठेवून आल्या, दोरीला हात लावून पाहिला.

"इतकी खाली कायले बांधली?" म्हणाल्या. "थोडी वर घे. होळीपरेंत हात पुरन मले."